निवडुंगांतील पक्ष्याचें चित्र

चित्रकलेच्या वर्गांत मुलें पुष्कळदां विचारतात, "दुसऱ्यानें सांगितलेलें चित्र काढण्यांत चित्रकाराचें स्वतःचें असें काय राहतें?" या प्रश्नाचा विचार एका टपालाच्या तिकिटावरून करूं.

इ. स. १९८२ मध्यें अमेरिकेच्या टपालखात्यानें पन्नास राज्यांचे पक्षी व फुलें यांचीं पन्नास तिकिटें काढलीं. प्रत्येकाची किंमत २० सेंट होती. हें काम आर्थर सिंगर व त्यांचे चिरंजीव ॲलन यांजकडे होतें. पित्यानें पक्षी रंगवावे व पुत्रानें फुलें, अशी वांटणी. अरिझोना राज्याच्या वांट्यास कॅक्टस रेन नांवाचा वाळवंटी पक्षी व साग्वारो निवडुंगाचें फूल आलें. पक्षी कोणता, फूल कोणतें, जागा किती, सर्व आधींच ठरलेलें!

आतां अडचण पाहा. साग्वारो चाळीस फूट व त्याहूनहि उंच वाढतो. पक्षी जेमतेम सात-आठ इंचांचा. संपूर्ण झाड काढावें तर पक्षी ठिपक्याएवढा होईल. म्हणून झाडाचा शेंडा तेवढा जवळून घेणें बरें. फुलेंहि तेथेंच येतात. तीं पांढरीं, मेणासारखीं असून रात्रीं उमलतात व दुसऱ्या दिवशीं दुपारनंतर मिटतात. पक्षी तपकिरी, डोळ्यावर पांढरी रेघ, छातीवर काळे ठिपके. फुलाच्या शुभ्रतेपुढें ती रेघ लोपूं नये, ही चिंता चित्रकाराचीच. ती कोणी सांगून दिलेली नसते. हा पक्षी चोया नांवाच्या अत्यंत कांटेरी निवडुंगांत, बाजूस तोंड असलेलें घरटें बांधतो. शत्रूला अडविणारे कांटे हेंच त्याच्या पिलांचें कुंपण. निर्मात्याची ही योजना मला नेहमीं नवल वाटते.

आमचीं मुलें निवडुंग म्हणून कुंपणावरचा तिधारी काढतात. त्याचा चीक दुधासारखा. तो शेराचा भाऊबंद, कॅक्टसच्या कुळांतला नव्हेच. फड्या निवडुंग मात्र खरा कॅक्टस, आणि तोहि मूळचा अमेरिकेंतलाच. त्याच्या फड्यावर लहान लहान उशा असतात व कांटे त्यांतूनच निघतात. साग्वारोवर त्याच उशा उभ्या कंगोऱ्यांवर ओळीनें बसलेल्या असतात. कागदावर वाटेल तेथें कांटे टोंचणाऱ्यानें झाड पाहिलें नाहीं, हें तत्काळ कळतें.

सुटींत फड्या निवडुंग शोधून दोन उशांमधील अंतर नजरेनें मोजावें व मगच पेन्सिल उचलावी. त्यावरील केंसासारखे बारीक कांटे बोटांत मोडतात व लवकर निघत नाहींत. मुलें हात लावणार नाहींत, एवढें पालकांनीं पाहावें.