हरभऱ्याच्या शेंड्यावर उलटी लटकलेली अळी

प्रश्न : आमच्या हरभऱ्यात काही घाटे अळ्या अगदी शेंड्याला उलट्या लटकून मेल्या आहेत. अंग काळपट, काडी लावली तरी फुटून पाणी होतं. मालक म्हणतात, विषाणू फवारला होता त्यानं मेल्या. अळीला मारणारा विषाणू आम्हाला, गुरांना बाधणार नाही ना? भाजीसाठी शेंडे मी त्याच रानातून खुडते. आणि मरायला अळी शेंड्यावरच का जाते?
– एक वाचक, शेवगाव (जि. अहिल्यानगर)

उत्तर : ताई, काळजीचं आधी सांगतो : हा विषाणू माणसाला, गुरांना किंवा कोंबड्यांना बाधत नाही. का बाधत नाही, हे समजायला मात्र अळीच्या पोटात डोकवावं लागेल.

मालकांनी फवारलं ते एचएएनपीव्ही. हरभऱ्यातल्या घाटे अळीसाठी राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ त्याची शिफारस करतं. बरेच जण त्याला सेंद्रिय विष समजतात. ते विष नाही, तो अळीचा रोगच आहे. बाटलीवर ‘एलई’ असं माप असतं. एक एलई म्हणजे रोगानं मेलेल्या एका पूर्ण वाढलेल्या अळीतून निघेल इतका विषाणू. हेक्टरला 250 एलई लागतो, म्हणजे अडीचशे अळ्यांच्या अंगातला रोग अडीच एकरांना पुरतो! कारण एका एलईत विषाणूचे सुमारे 600 कोटी स्फटिक धरतात.

हे स्फटिक प्रथिनाचे असतात आणि चिक्कीत दाणे बसावेत तशा विषाणूच्या कांड्या त्यांत घट्ट बसलेल्या असतात. अळी पान कुरतडते तेव्हा स्फटिक तिच्या आतड्यात पोचतो. तिथला रस तीव्र अल्कधर्मी असतो, सामू 10 च्या आसपास. त्यात स्फटिक विरघळतो, कांड्या सुटतात आणि आतड्याच्या पेशींत शिरतात. तिथून रोग अंगभर पसरतो. चार ते सात दिवसांत अळी मरते आणि तिच्या अंगात नवे कोट्यवधी स्फटिक तयार झालेले असतात.

आपल्या जठरात याच्या उलट, आम्ल असतं. तिथे स्फटिक उघडत नाही. रोगट अळ्या खाणाऱ्या पक्ष्यांच्या विष्ठेतून तो जसाच्या तसा बाहेर पडतो आणि पक्षीच रोग दुसऱ्या शेतात नेतात. समजा एखादी कांडी सुटलीच, तरी माणसाच्या पेशीत तिला वाढता येत नाही. मधमाश्या आणि ढालकिडे यांनाही हा विषाणू लागत नाही. रेशीम अळ्यांना ग्रासरी नावाचा रोग होतो तो याच कुळातल्या, पण वेगळ्या विषाणूमुळे.

या कुळाशी आपला संबंध दवाखान्यातही आलेला आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची कोव्होव्हॅक्स ही कोविडची लस भारतात डिसेंबर 2021 मध्ये मंजूर झाली. तिच्यातलं प्रथिन किड्यांच्या पेशींत तयार होतं आणि ते तयार करण्याचा हुकूम त्या पेशींना अळीच्याच एका बदललेल्या विषाणूकडून मिळतो. त्या पेशी मुळात कुणाच्या? आपल्याकडे मका पोखरणाऱ्या अमेरिकन लष्करी अळीच्या! मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

आता शेंड्याचं. अळी थंडीनं किंवा हवा खायला वर जाते असं म्हणतात, ते खरं नाही. विषाणूच तिला वर पाठवतो. चीनमधल्या संशोधकांनी 2022 साली नेमकी घाटे अळीच अभ्यासली. रोगट अळी उजेडाकडे जास्त ओढली जाते आणि तिच्या दृष्टीशी निगडित जनुकं बंद केली की वर चढणं कमी होतं, असं त्यांना आढळलं. शेंड्याला मेली की विषाणूचीच विकरं तिची कातडी आतून सैल करतात. ती फुटते, स्फटिक खालच्या पानांवर ठिबकतात आणि खालच्या अळ्या ती पानं खातात. अळी खालीच मेली असती, तर रोगाला एवढं रान मिळालं नसतं.

मालकांसाठीही थोडं लिहितो. पुष्कळांची तक्रार असते की दुसऱ्या दिवशी अळी जिवंतच दिसली, म्हणजे औषध खोटं. रोग अंगात भिनायला दिवस लागतात, त्यामुळे मीटरभर ओळीत एक-दोन अळ्या दिसू लागल्या की, त्या लहान असतानाच फवारावं. मोठी अळी लवकर दाद देत नाही आणि मरेपर्यंत घाटे पोखरत राहते. दुसरी अडचण उन्हाची. उघड्या पानावर सूर्याचे अतिनील किरण विषाणू लवकर निकामी करतात, म्हणून फवारणी संध्याकाळी करावी. नीळ मिसळायला सांगतात तीही याच कारणासाठी. काही शेतकरी लटकलेल्या अळ्या गोळा करून, पाण्यात चुरून, फडक्यानं गाळून पुन्हा फवारतात. त्यानं काम होतं, पण मेलेल्या अळीत इतर जंतूही वाढलेले असतात. ते पाणी भाजीच्या वाफ्यावर मारू नका आणि हात साबणानं धुवा.

तुम्ही खुडता त्या शेंड्यांवर मेलेली अळी असेल तर तो शेंडा टाकून द्या, बाकीची भाजी धुऊन खुशाल करा. मात्र शेंडे खुडण्याआधी मालकांना एक विचारा : विषाणूच्या आधी किंवा नंतर त्याच रानात रासायनिक कीटकनाशक मारलं होतं का? मारलं असेल, तर बाटलीवर लिहिलेले दिवस उलटेपर्यंत त्या रानातली भाजी खुडू नका.