बालकांचे वजन आणि घरचे ताट
(इयत्ता चौथी व पाचवीसाठी आरोग्यपाठ)

मुलांच्या आहाराचा विषय निघाला म्हणजे ग्रामीण शिक्षकाच्या डोळ्यांपुढे प्रथम कृश बालक उभे राहते, आणि ते योग्यच आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील दर शंभर बालकांपैकी सुमारे छत्तीस बालकांचे वजन वयाच्या मानाने कमी आढळले. तथापि त्याच पाहणीत उंचीच्या मानाने अधिक वजन असलेल्या बालकांचे प्रमाण ४.१ टक्के होते. २०१५-१६ च्या पाहणीत ते १.९ टक्के होते. आकडा लहान दिसतो खरा, पण अल्पावधीत तो दुपटीहून वाढला आहे. एकाच वर्गात अशक्त मूल आणि स्थूल मूल शेजारी बसलेले आढळणे आता अशक्य राहिलेले नाही. पुष्कळदा दोघांच्याही पोषणातील दोष एकच असतो : पोट भरते, पण शरीर घडविणारे अन्न पोटात जात नाही.

खेडसारख्या तालुक्यात याचे मूळ समजून घेणे कठीण नाही. जगबुडीच्या खोऱ्यात भातशेती आणि डोंगरउतारावरील वरकस जमिनीत नाचणी व वरी, अशी येथील शेतीची जुनी रीत. सकाळी पेज, दुपारी भात, नाचणीची भाकरी, कुळथाचे पिठले, पावसाळ्यात टाकळ्याची वा अळूची भाजी, मिळेल तेव्हा मासळी किंवा सुकट, असा आहार घरोघर होता. तो श्रीमंती नव्हता. परंतु शंभर ग्रॅम नाचणीत तीनशे मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते आणि तितक्याच कुळथात सुमारे बावीस ग्रॅम प्रथिने असतात. पुढे नाचणी ही गरिबाची भाकरी ठरली. आज एखादे मूल डब्यातील काळी भाकरी झाकणाआड लपवून खाते आणि शेजारच्या मुलाच्या हातातील कुरकुऱ्यांच्या पाकिटाकडे पाहते. ही लाज घालविणे हा प्रस्तुत पाठाचा पहिला उद्देश होय.

खाऊमागे माया असते, हेही शिक्षकाने विसरू नये. मुंबईस चाकरीला असलेला बाप सुट्टीत घरी येतो, तो रिकाम्या हाताने येत नाही. बिस्किटे, फरसाण, गोड पेये ही त्याच्या मायेची खूण असते. आजीला नातवाचे बाळसे पाहून समाधान वाटते. यास्तव कोणाच्या घरास दोष देऊन शिकविलेला पाठ मुलांच्या मनात उतरणार नाही.

पाठाचा क्रम

१. ताटाची पाहणी. आदल्या दिवशी आपण काय काय खाल्ले, ते प्रत्येक मुलाने आपल्या वहीत लिहावे. ते मोठ्याने वाचावयास लावू नये. फळ्यावर धान्य, डाळी व कडधान्ये, भाज्या व फळे, दूध-अंडी-मासळी, आणि गोड व तळलेले खाऊ असे पाच रकाने करावेत. मुलांनी गावात मिळणाऱ्या पदार्थांची नावे त्या त्या रकान्यात भरावीत. शेवग्याचा पाला, चवळी, फणसाच्या आठळ्या, करवंदे, बांगडा ही नावे येऊ लागली म्हणजे विकत न आणताही ताट किती भरते, हे मुलांना आपोआप दिसून येईल.

२. साखरेचे गणित. गोड पेयाची रिकामी बाटली आणून तिच्यावरील मजकूर मुलांकडून वाचवून घ्यावा. शंभर मिलिलिटरमध्ये १० ग्रॅम साखर असेल, तर ३०० मिलिलिटरच्या बाटलीत ३० ग्रॅम झाली. चहाच्या चमच्यात चार ग्रॅम धरल्यास साडेसात चमचे होतात. तेवढी साखर कागदावर मांडून दाखवावी. सात ते नऊ वर्षांच्या मुलास दिवसाला सुमारे १७०० कॅलरी लागतात. वरून मिळालेल्या साखरेचा वाटा त्यांच्या दहा टक्क्यांहून कमी, शक्यतो पाच टक्क्यांच्या आत असावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. दहा टक्के म्हणजे सुमारे ४२ ग्रॅम. एका बाटलीने त्याचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग संपतो.

३. शाळेतील भोजन. शासकीय योजनेत प्राथमिक वर्गातील मुलामागे रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी व ५ ग्रॅम तेल असे प्रमाण ठरलेले आहे. मुलांनी ते तराजूवर तोलून पाहावे. भाजी बाजूला सारणाऱ्या मुलास तिचे वजन ठाऊक झाले, तर तिची किंमतही कळू लागते.

४. खेळ. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना दररोज सरासरी तासभर चांगला दम लागेल असा खेळ हवा. लंगडी, लगोरी, खो-खो यांस साहित्य जवळजवळ लागत नाही. जड मुलास नेहमी पंच करून बसवू नये. त्यालाच धावण्याची गरज अधिक असते.

शिक्षकांसाठी सूचना

वजन व उंची एकेकट्या मुलाची घ्यावी आणि आकडा वर्गात उच्चारू नये. प्रौढांचे कोष्टक मुलांना लावू नये. मुलांच्या वजनाचा विचार उंची, वय व मुलगा-मुलगी हा भेद ध्यानात घेऊनच होतो. शंका आल्यास पालकांना प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे किंवा शालेय तपासणीस येणाऱ्या वैद्यकीय पथकास दाखवावे. वाढत्या वयातील मुलास उपाशी ठेवणे घातक आहे. पुष्कळ मुलांच्या बाबतीत वजन आहे तेथे राहिले आणि उंची वाढत गेली, तरी पुरेसे असते. हा निर्णय वैद्यांचा, शिक्षकाचा नव्हे.

‘जाड्या’ हा शब्द वर्गात चालू देऊ नये. ज्याला असे हिणविले जाते ते मूल खेळातून अंग काढून घेते, घरात बसते, आणि वजन आणखी वाढते. थट्टेने कोणाचे वजन उतरत नाही.

पालकसभेत एकट्या मुलाचे पथ्य सांगू नये, साऱ्या घराची रीत सांगावी. एका मुलास भाकरी आणि भावंडांस वेफर्स, असे ताट टिकत नाही. आठवड्यातून काही दिवस नाचणी, रोज एक पालेभाजी वा कडधान्य, तहानेला पाणी, जेवताना दूरदर्शनसंच व मोबाईल बंद, आणि खाऊ सणावारापुरता, एवढे पाच नियम पुरेत. मुंबईहून येणाऱ्या बापाने बिस्किटांऐवजी फळे किंवा एक चेंडू आणला, तरी माया उणी होत नाही.

पाठाच्या अखेरीस शिक्षकाने आपल्या डब्यातील नाचणीची भाकरी मुलांसमोर बसून खावी. पुष्कळशा उपदेशाचे काम ती एक भाकरी करील.