उसनी माणसे

साथ आली की आरोग्यखात्याला माणसे उसनी घ्यावी लागतात. १९७३ साली देवीच्या निर्मूलनासाठी बिहार, उत्तर प्रदेशात इतर कामांवरील आरोग्यसेवक महिन्यातून आठवडाभर घरोघर रुग्ण शोधीत आणि पुन्हा आपल्या कामावर परतत. मुदत ठरलेली होती, हेच मला महत्त्वाचे वाटते. २०२० साली कोरोनात ती राहिली नाही. क्षयरोगाकडील माणसे व तपासणीयंत्रेही तिकडे वळली. २०१९ मध्ये देशात क्षयाचे सुमारे २४ लाख रुग्ण नोंदले गेले होते. २०२० मध्ये १८ लाख. टाळेबंदीत लोक दवाखान्यात गेले नाहीत, हेही खरे. पण रोग काही घटला नव्हता! आमच्या वस्तीवर येणाऱ्या नर्सबाई तेव्हा नाक्यावर ताप मोजीत उभ्या असत. आजोबांनी तीन महिने खोकला अडुळशाच्या काढ्यावर काढला.