वणव्याआधी सातबारा वाचा

दिवाळी सरली की कोकणातल्या सड्यांवरचं गवत पिवळं पडतं आणि जानेवारीपासून वणव्याची धास्ती सुरू होते. विडीचं थोटूक, विजेच्या तारांची ठिणगी, हाताबाहेर गेलेली भाजावळ, निमित्त काहीही असो. आग फोफावते ती गवत न काढलेल्या पडीक जमिनीत. अशा जमिनीच्या सातबारावर पुष्कळदा वारलेल्या आजोबांचंच नाव असतं आणि वारस मुंबई-पुण्याला विखुरलेले असतात. गवत कुणी काढायचं, मजुरी कुणी द्यायची, हे ठरतच नाही. होरपळतात ती शेजाऱ्याची आंबा-काजूची कलमं.

म्हणून पहिलं काम वारसनोंदीचं. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४९ नुसार वारसाहक्काची खबर तीन महिन्यांत तलाठ्याला द्यायची असते. मुदत उलटली असली तरी मृत्यूचा दाखला घेऊन जा, नोंद होते. मुलींची नावं वगळू नका. पुढे फेरफार अडतो तो तिथेच. सगळे सहहिस्सेदार राजी असतील तर कलम ८५ खाली तहसीलदारांकडून वाटप करून घ्या. राजी नसतील तर वाटपासाठी थांबू नका, कारण भाऊबंदकी मिटेपर्यंत गवत वाट पाहत नाही. गावात राहणाऱ्या एकाला गवत काढायची, आग अडवणारा जाळपट्टा मारायची लेखी संमती द्या आणि खर्चाचा वाटा त्याच कागदावर लिहा. चाकरमानी नाताळच्या सुट्टीत येतात, तेव्हाच सह्या घ्याव्यात.

हे एकेकट्याने होत नाही. तलाठ्याकडे चावडी वाचनाची मागणी करा. वाडीतल्या सगळ्यांसमोर उतारे वाचले गेले की मयत खातेदार कोण, कुठली जमीन बेवारशी पडली आहे, ते उघड होतं. तालुका विधी सेवा समितीकडे कायदेविषयक शिबिर मागता येतं. कुळाची किंवा देवस्थानची जमीन असेल तर त्या शिबिरात आधी विचारा.

बागेतली झाडं ई-पीक पाहणीत नोंदवलीत का, तेही बघा. आग लागल्यावर पंचनाम्याच्या वेळी गाव नमुना बाराच कोरा असेल तर नुकसान सिद्ध करणं फार जड जातं.

जाळपट्टा हद्दीने दहा-पंधरा फूट रुंद ठेवा आणि झाडाखालचा पालापाचोळा बुंध्यापासून दूर ओढा. जाळायचंच असेल तर वारा पडलेला असताना, सकाळी, शेजाऱ्यांना आणि पोलीस पाटलांना सांगून, पाण्याचे पंप भरून ठेवूनच काडी लावा.