‘लाइफ ऑफ पाय’ : दोन कथा आणि वाचकाची निवड

संदिग्ध कादंबरी वाचकापुढे दोन अर्थ ठेवते, तेव्हा त्यांतील सुसह्य अर्थ स्वीकारणे ही पळवाट ठरते काय? यान मार्टेल यांच्या ‘लाइफ ऑफ पाय’ (२००१) या कादंबरीच्या आधारे हा प्रश्न येथे तपासावयाचा आहे.

जहाज बुडाल्यावर पाँडिचेरीचा पाय पटेल २२७ दिवस समुद्रावर तग धरतो. त्याच्या पहिल्या निवेदनात नौकेवर झेब्रा, ओरांगउटान, तरस आणि रिचर्ड पार्कर नावाचा वाघ आहे. चौकशीस आलेल्या जपानी अधिकाऱ्यांचा त्यावर विश्वास बसत नाही. मग पाय दुसरी कथा सांगतो. तीत खलाशी, पायची आई आणि आचारी आहेत. हत्या आणि नरमांसभक्षण आहे. झेब्रा म्हणजे खलाशी, ओरांगउटान म्हणजे आई, तरस म्हणजे आचारी, ही संगती अधिकाऱ्यांनाच लागते. उरतो तो वाघ, म्हणजे स्वतः पाय. यांपैकी अधिक चांगली कथा कोणती, असे पाय विचारतो. अधिकारी प्राण्यांची कथा निवडतात.

येथे सत्याच्या निकषाची जागा सौंदर्याच्या निकषाने घेतली, असा आक्षेप घेता येतो. तो निराधार नाही; परंतु निवेदनाचा क्रम तो ध्यानात घेत नाही. निवडीचा प्रश्न दुसऱ्या कथेनंतर येतो. त्यामुळे प्राण्यांची कथा निवडणारा वाचकही मानवी कथा न ऐकलेला राहू शकत नाही. जाणिवेपूर्वीचा दिलासा अज्ञान असतो. जाणिवेनंतरचा दिलासा ही दुःख वाहण्याची एक रीत असते.

वाघाचे नावही याच दिशेने बोलते. एडगर ॲलन पो यांच्या १८३८ मधील कादंबरीत भुकेले सहप्रवासी ज्याला मारून खातात, त्याचे नाव रिचर्ड पार्कर आहे. १८८४ मध्ये ‘मिन्यॉनेट’ नौका बुडाल्यावर सहकाऱ्यांनी ज्या किशोरवयीन खलाशाला मारून खाल्ले, त्याचेही नाव तेच. सुसह्य कथेतील सर्वांत देखण्या प्राण्यास लेखकाने नरमांसभक्षणाच्या बळीचे नाव दिले आहे.

म्हणजेच कठोर सत्य पहिल्या कथेबाहेर नसून तिच्या पोटातच आहे. या कादंबरीपुरते तरी वाघ निवडणे ही पळवाट ठरत नाही. वाघ निवडून आईचा मृत्यू विसरणे, ही मात्र निश्चितच पळवाट ठरेल.