मुळांवरच्या गाठी

हरभरा फुलावर आला म्हणजे त्याचे एक रोप मातीसकट हलकेच उपटा. मुळे पाण्यात धुवा. मुळांवर बारीक बारीक गाठी दिसतील.

आम्ही शाळेत होतो तेव्हा मुलांना शिवारात नेऊन या गाठी दाखवीत असू. एकदा एका शेतकरीदादांनी विचारले, "मास्तर, ही कीड तर नव्हे?" नव्हे. हा तर खताचा कारखाना आहे!

पिकाला नत्र लागते. हवेच्या १०० भागांत ७८ भाग नत्रच असते. पण पिकाला ते तसेच घेता येत नाही. कारण नत्राचे दोन दोन कण एकमेकांना घट्ट धरून बसलेले असतात. ते सुटले तरच त्यांचे खत होते. युरियाच्या कारखान्यात त्यासाठी ४०० ते ५०० अंश उष्णता आणि मोठा दाब लागतो. गाठीतले जिवाणू मात्र हेच काम साध्या मातीत करतात!

हे कसे होते? जिवाणू आपल्या अंगात एक पदार्थ तयार करतात. त्याला विकर म्हणतात. विकर म्हणजे जिवाणूंचे अवजारच. दुधाचे दही होते तेही जिवाणूंच्या विकरांमुळेच. नत्र सोडविणारे विकर लोखंडाचा अंश असलेले आहे. त्याला प्राणवायू सोसत नाही. म्हणून गाठीत एक तांबडा पदार्थ असतो. तो प्राणवायूला आवरून धरतो. रोप जिवाणूंना साखर देते, जिवाणू रोपाला नत्र देतात. अशी ही देवघेव आहे.

पण हे अवजार कसे घडवावे, हे जिवाणूला कोण सांगते? त्याच्या अंगातच ते लिहिलेले असते. त्या लिपीत अक्षरे चारच. इ. स. २००० मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी अशा एका जिवाणूचे सगळे लिखाण वाचले. ते सुमारे ७६ लाख अक्षरांचे निघाले. आपण बाराखडी शिकलो, तसेच शास्त्रज्ञही ही चार अक्षरे वाचायला शिकले.

कडधान्याचा बेवड चांगला, असे आपले वाडवडील म्हणत. त्याचे एक कारण या गाठींत आहे.

आता आपण काय करावे?

१. गाठ नखाने फोडून पाहा. आत तांबूस रंग असेल तर जिवाणू कामाला लागलेले आहेत. पांढरी किंवा हिरवट असेल तर काम होत नाही.

२. गाठी नसतील तर पुढच्या पेरणीला बियाण्यास जिवाणू खत चोळा. बी सावलीत सुकवून लगेच पेरा. हरभऱ्याचे जिवाणू सोयाबीनला चालत नाहीत. पाकिटावरचे पिकाचे नाव आणि मुदतीची तारीख स्वतः वाचून घ्या.

३. कडधान्याला युरिया भरमसाट घालू नका. आयते नत्र मिळाले की रोप गाठी कमी धरते. पैसाही जातो आणि कारखानाही बंद पडतो.