फ्लॅटमधली पहिली मिरची

घरातलं झाड सुकायला लागलं की आपण आधी खत बदलतो, मग कुंडी बदलतो आणि शेवटी आपल्या हाताला गुण नाही म्हणून नाद सोडतो. बहुतेक वेळा खत आणि कुंडी यांचा काही दोष नसतो. उजेड कमी पडलेला असतो. भर दुपारी नाशिकच्या उघड्या गोदाघाटावर लाखभर लक्स उजेड असतो, आणि सिडकोतल्या एखाद्या मधल्या खोलीत, खिडकीपासून सहा-सात फुटांवर, दोन-तीनशे लक्स. डोळे हा फरक सांभाळून घेतात, त्यामुळे आपल्याला खोली उजळच वाटते. झाड मात्र तिथे उपाशी असतं. म्हणून हातात मोजके पैसे असतील तर ते दिव्यावर घाला, बाकी सगळं घरातल्या जुन्या वस्तूंवर भागवा. पुढची सगळी कृती या एका हिशेबावर उभी आहे.

पहिलं झाड मिरचीचं घ्या. टोमॅटो पसरतो, वांग्याला जागा लागते, कोथिंबीर सोपी असली तरी महिन्या-दीड महिन्यात संपते. मिरची दहा लिटरच्या बादलीत मावते, तिचं फूल आपल्याच परागानं फळ धरतं, आणि काही बिनसलं तर पान लगेच सांगतं. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची ‘फुले ज्योती’ घोसात मिरच्या धरते. तिचं किंवा ‘पुसा ज्वाला’चं छोटं पाकीट कृषी सेवा केंद्रात विचारा. स्वयंपाकघरातल्या सुक्या मिरचीचं बी उगवतंही, पण ती मिरची संकरित असली तर पुढची पिढी आईसारखी निघेलच असं नाही, आणि बी किती जुनं आहे हेही कळत नाही.

नाशकात पेरणीला जुलै-ऑगस्ट बरा. हवा उबदार असल्यानं बी लवकर रुजतं, आणि झाड फुलावर येतं तेव्हा ऑक्टोबर उजाडलेला असतो. फेब्रुवारीत पेरलं तर रोप झकास येतं, पण फुलं नेमकी एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात सापडतात. पारा पस्तिशीच्या वर गेला की मिरची फुलं गाळते. डिसेंबरात पेरू नका. जवळच्याच निफाडच्या थंडीच्या बातम्या दरवर्षी येतात. शहरातल्या घरातही तेव्हा रात्री इतक्या गार असतात की बी मातीत नुसतं पडून राहतं.

खिडकीचंही एक गणित आहे. नाशिक २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. जूनमध्ये दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर, किंचित उत्तरेकडेच असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून थेट ऊन आत येत नाही. डिसेंबरात तो दक्षिणेकडे बराच कलतो आणि त्याच खिडकीतून ऊन खोलीत लांबवर शिरतं. म्हणजे पावसाळ्यात दिव्यावर भिस्त आणि हिवाळ्यात खिडकीचा हातभार. दक्षिणेची खिडकी असेल तर तिच्याजवळची जागा धरा. पूर्वेची असली तरी चालेल. उत्तरेच्या खिडकीत मात्र वर्षभर दिवाच लागेल.

दिवा

‘ग्रो लाइट’ म्हणून विकले जाणारे जांभळे बल्ब घ्यायची गरज नाही. साध्या पांढऱ्या एलईडीतही झाडाला लागणारे रंग असतात. पन्नास वॉटचा, पांढऱ्या उजेडाचा एलईडी फ्लडलाइट घ्या, लग्नाच्या मांडवात किंवा दुकानाच्या पाटीवर लावतात तसा. खोक्यावर लुमेन वाचा. पाच हजारांच्या आसपास हवेत. ट्यूबसारखी बॅटन लांबीवर उजेड पसरते, तर फ्लडलाइट तो एका जागी टाकतो, आणि आपल्याला एक-दोन झाडंच उजळायची आहेत.

उंची हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. असा दिवा शेंड्यापासून फूटभरावर टांगला तर पानांवर पंधरा हजार लक्सच्या पुढे उजेड मिळतो. तोच दोन फुटांवर नेला की साधारण चौथा हिस्सा उरतो. म्हणून दिवा पक्का ठोकू नका. नाडीला किंवा साखळीला टांगा, म्हणजे झाड वाढेल तसा वर घेता येईल. मोबाइलमधलं लक्स मोजायचं अॅप अगदी अचूक नसतं, पण दोन जागांची तुलना करायला पुरतं. शेंड्याच्या पातळीवर तळहात पालथा धरा. मिनिटभरात चटका जाणवला तर दिवा चार बोटं वर घ्या.

दिवा रोज चौदा तास, ठरलेल्या वेळी. सकाळी सहा ते रात्री आठ ठेवलंत तर लक्षात ठेवायला सोपं. टायमरचा प्लग मिळाला तर त्याहून बरं. खिडकीत तीन-चार तास ऊन येत असेल तर तेवढा वेळ दिवा बंद ठेवा. रात्री मात्र अंधारच हवा. पन्नास वॉट चौदा तास चालला की दिवसाला ०.७ युनिट, महिन्याला २१ युनिट. हा आकडा आपल्या बिलातल्या दरानं गुणून आधीच पाहा. मंडईतल्या मिरचीपेक्षा ही मिरची महाग पडते, आणि तरी ती लावावी असं माझं ठाम मत आहे. एका दिव्याखाली दोन बादल्या शेजारी-शेजारी मावतात, तेव्हा दोन झाडं लावा.

दिव्याचं अंग धातूचं असतं, म्हणून तीन पिनांचा प्लग आणि अर्थिंग असलेलंच सॉकेट वापरा. वायर सॉकेटकडे जाताना आधी खाली झोळ घेऊन मग वर जाऊ द्या, म्हणजे चुकून पाणी ओघळलं तरी सॉकेटात न जाता झोळाच्या टोकाला टपकेल. पाणी घालताना बटण बंद.

माती आणि बी

रंगाची रिकामी दहा लिटरची बादली स्वच्छ घासून तळाला सहा-आठ भोकं पाडा. बादली पांढरी, उजेड आरपार जाणारी असेल तर बाहेरून जाड कागद गुंडाळा, नाहीतर आत शेवाळ धरतं. खाली विटांचे तुकडे ठेवा. भोकं जमिनीला टेकली की पाणी अडतं.

आपल्याकडची काळी माती शेतात सोनं आहे, बादलीत नाही. ओली झाली की चिकटते, सुकली की भेगाळते, आणि मुळांना हवा मिळत नाही. एक भाग पोयट्याची किंवा लाल माती, एक भाग कोकोपीट, एक भाग गांडूळखत आणि वर मूठभर निंबोळी पेंड. कोकोपीटची वीट भिजवून दोन-तीनदा पाण्यात खळबळून पिळून घ्या. त्यात क्षार असू शकतात आणि कोवळ्या मुळांना ते सोसत नाहीत.

बी थेट बादलीत टाकू नका. कागदी कपांना तळाला भोक पाडा, नुसतं ओलसर कोकोपीट आणि थोडं गांडूळखत भरा, प्रत्येक कपात दोन बिया अर्धा सेंटिमीटर खोल टाका. ट्रायकोडर्मा मिळाला तर चिमूटभर बियांना चोळा. वर प्लॅस्टिकची पिशवी झाका आणि कप उबदार जागी ठेवा. आठ-बारा दिवसांत कोंब दिसतात. पहिला कोंब दिसला की त्याच दिवशी पिशवी काढा आणि कप दिव्याखाली आणा. इथे एक-दोन दिवसांचा आळस केला तर रोप उजेडाच्या शोधात लांबुडकं होतं, मान टाकतं, आणि पुढे त्याचा बुंधा कधी भरत नाही. या वयात पाणी जास्त झालं तर रोप जमिनीलगत बारीक होऊन कोलमडतं. हा मर रोग. कोकोपीटचा वरचा थर फिकट पडल्याशिवाय पाणी देऊ नका.

एवढी वाट पाहायची नसेल तर दिंडोरी, निफाड, पिंपळगाव बसवंत या पट्ट्यात भाजीपाल्याच्या रोपवाटिका आहेत. तिथे ट्रेमधलं रोप मागा: ठेंगणं, गर्द हिरवं, पानं सपाट, मुळं पांढरी. फूल आलेलं रोप दिसायला छान असतं, पण ते ट्रेमध्ये फार दिवस राहिलेलं असतं. घेऊ नका.

बादलीत आल्यावर

चार-सहा खरी पानं आली, म्हणजे पाचेक आठवडे झाले, की संध्याकाळी रोप बादलीत हलवा. कपातला गोळा मोडू नका. लावून झालं की भरपूर पाणी द्या, आणि पुढचे दोन दिवस दिवा थोडा वर ठेवा.

त्यानंतरची सगळी कसोटी पाण्याची. रोज कपभर पाणी ही झाड मारायची सगळ्यात रुळलेली रीत आहे. बादली उचलून पाहा. पाणी दिल्यानंतरचं वजन हाताला एकदा कळलं की सुकलेली बादली लगेच ओळखू येते. बोटाची दोन पेरं आत खुपसून कोरडं लागलं तरच पाणी द्या, आणि दिलं की खालच्या भोकांतून वाहीपर्यंत द्या. बादलीखालच्या ताटलीत साचलेलं लगेच ओता. बोअरचं पाणी असेल तर काही महिन्यांनी मातीवर पांढरा थर दिसेल. घरातल्या झाडाला पावसाची धुलाई मिळत नाही, ती आपण करायची: बादली न्हाणीघरात न्या आणि मातीतून भरपूर पाणी निथळू द्या.

लावणीनंतर तीन आठवडे गांडूळखत पुरतं. मग १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला एक ग्रॅम, दहा-बारा दिवसांनी एकदा. फुलं दिसली की त्याऐवजी १३:००:४५, तेवढंच. नुसतं नत्र देत राहिलात तर झाड गर्द हिरवं आणि फळाविना राहतं. मिरचीचं टोक काळपट पडून सुकत असेल तर आधी पाणी नियमित करा, मग कॅल्शियम नायट्रेट द्या, पण ते ००:५२:३४ सारख्या स्फुरदाच्या खताबरोबर एका पाण्यात कालवू नका. साका खाली बसतो. द्राक्षबागायतदाराच्या घरातलं लहान मूलही हे सांगेल.

आठ-दहा पानांवर शेंडा खुडा. दिवा वरून एकाच जागी असल्यामुळे झाड उंच होण्यापेक्षा पसरट झालेलं फायद्याचं. फांद्यांच्या बेचक्यात येणारं पहिलं फूलही काढून टाका, त्या ताकदीनं आधी फांद्या भरू देत. जवळ टेबलफॅन मंद, झाडाची पानं जेमतेम हलतील इतका, रोज काही तास चालू ठेवा. बुंधा कणखर होतो आणि पराग झडतो. फुलं भरात असताना सकाळी दहा-अकराला फांदीला बोटानं हळू टिचकी मारा. बाहेर हे काम वारा करतो.

किडीकडे रोज लक्ष हवं. घरात ढालकिडे नसतात, म्हणून चार फुलकिड्यांचे आठवड्यात शेकडो होतात. पानाच्या कडा वर वळून द्रोण झाला तर फुलकिडे. पान खाली वळून उलट्या होडीसारखं झालं आणि देठ लांबला तर कोळी. शेतकरी दोन्हीला मिळून चुरडा-मुरडा किंवा बोकड्या म्हणतात. पहिली खूण दिसताच झाड न्हाणीघरात नेऊन पानांची खालची बाजू पाण्याच्या धारेनं धुवा. मग निंबोळी तेल लिटरला पाच मिलिलिटर, दोन थेंब साबण घालून, दिवा बंद झाल्यावर फवारा, आणि आठवड्यानं पुन्हा. नाशकात द्राक्षासाठीची औषधं कुठेही सहज मिळतात. त्यातलं काहीही घरात आणू नका. जिथे आपण झोपतो, मुलं खेळतात, तिथे ते फवारायचं नाही, झाड गेलं तरी चालेल.

फळ धरल्यावर तीनेक आठवड्यांत हिरवी मिरची तोडायला येते. ओढू नका, देठासकट कात्रीनं कापा. तोडत राहिलात तर झाड फुलत राहतं. लाल होईपर्यंत ठेवलीत तर नवी फुलं कमी होतात. पहिला बहर संपला की झाड उपटू नका. शेतात मिरची हंगामी पीक असली तरी जातीनं ती बहुवर्षायू आहे. एप्रिलमध्ये बागायतदार द्राक्षाची खरड छाटणी करतात त्याच सुमारास मिरचीच्या फांद्या दोन-तीन डोळे ठेवून छाटा, वरची दोन इंच माती काढून ताजं गांडूळखत भरा, आणि नवी पालवी दिसेपर्यंत पाणी निम्मं करा. दिवा पुन्हा फूटभरावर उतरवायचा.